आमच्या सहाय्य सेवांचा आराखडा आणि जावईबापूंचे पडदे

तीर्थरूप ताईंना,

साष्टांग नमस्कार. साष्टांग म्हणजे लिहिण्यापुरताच. हल्ली मी खाली वाकले की वर यायला कपाटाचा आधार लागतो, म्हणून तुमच्या पाया पडण्याचं काम सध्या पोस्टावर सोपवलं आहे. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली आणि त्यांचा स्वतःचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे, हे तुमच्या मागच्या पत्रात वाचलं. असा डॉक्टर सोडू नका. स्वतःच्या सल्ल्याने स्वतःचं गिऱ्हाईक घालवणारा माणूस प्रामाणिकच असला पाहिजे.

जावईबापूंना बढती मिळून ते आमच्याच खात्याच्या मुख्य कार्यालयात मंजुरीच्या टेबलावर बसले, हे वाचून फार आनंद झाला. तुम्ही मात्र त्यांच्यावर चिडलेल्या दिसता. नातीचे दुधाचे दात येऊन पडलेसुद्धा, पण पुढच्या खोलीच्या पडद्यांचं कापड अजून त्यांचं ठरत नाही आणि खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं आहे, ही तुमची तक्रार मी दोनदा वाचली. मला त्यात चिडण्यासारखं काही दिसलं नाही. काही माणसं विचार करतात, एवढंच. मुलगी पसंत आहे की नाही हे सांगायलासुद्धा त्यांनी इतका वेळ घेतला की तोवर मुलीचं शिक्षण पुरं झालं, नाहीतर ते अर्धवटच राहिलं असतं. नीट विचार करणाऱ्या माणसाला लोक मंद म्हणतात, याचं मला वाईट वाटतं.

माझं म्हणाल तर तब्येत ठीक आहे, जेवण जातं, झोप येते. पण माझी खोली जाणार असं दिसतंय. हे एकदम लिहिलं, कारण हळूहळू लिहिलं असतं तर तुम्ही मधल्या ओळी सोडून शेवट आधी वाचला असता (तुमची सवय मला ठाऊक आहे, रहस्यकथासुद्धा तुम्ही मागूनच सुरू करता). तुम्ही इथे येऊन गेलात त्याला बराच काळ झाला, म्हणून नीट सांगते. आमची ही सरकारी प्रशिक्षण संस्था, म्हणजे नव्या अधिकाऱ्यांना इथे आणून अधिकारी कसं व्हायचं ते शिकवतात. हे इथले सुतार होते. हे गेल्यावर मला इथेच नोकरी दिली, वसतिगृहाच्या चादरींची. चादरी, अभ्रे, पांघरुणं धुवायला द्यायची, मोजून परत घ्यायची, गाद्यांवर घालायची. चादरींच्या कोठीमागे जी दोन दारांची खोली आहे, ज्यात आम्ही दोघं राहत होतो, ती त्या नोकरीबरोबर माझ्याकडे राहिली. नोकरी गेली की खोली गेली.

खोलीत पाहण्यासारखं काय आहे, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या भावाने एक अख्खी भिंत आतून कोरून पुस्तकांसाठी कप्पे बसवले. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. शिकाऊ अधिकारी जाताना गाद्यांखाली पुस्तकं विसरून जातात, ती चादरी बदलताना सापडायची, मी घरी आणायची, आणि अक्षर अक्षर लावत वाचायची. (काहींची पानं एकमेकांना चिकटलेली असत. ती मीच पहिल्यांदा सोडवली.) पुस्तकं कॉटखाली मावेनात, तेव्हा हे म्हणाले, बाईसाहेबांचं ग्रंथालय बांधायला पाहिजे. चार ओळी पुऱ्या झाल्या. पाचव्या ओळीच्या कडेची पट्टी कापून, घासून दारामागे उभी केली आणि म्हणाले, उद्या ठोकतो. ती पट्टी अजून दारामागे उभी आहे. पाचव्या कप्प्याची कड उघडीच आहे. पुस्तक काढताना तिथे रोज हात घासतो. नव्या सुताराने दोनदा विचारलं, बाई, ठोकून देऊ का? मी म्हटलं, राहू दे.

तर आता संकट कुठून आलं ते ऐका. आमचे नवे संचालक कुठल्याशा परिषदेला गेले आणि येताना तिथून एक शब्द घेऊन आले. तो शब्द म्हणजे "कॉर्पोरेट सहाय्य सेवा". दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना गोळा करून त्यांनी सांगितलं की आपल्या संस्थेच्या कॉर्पोरेट सहाय्य सेवांचं नियोजन करायचं आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. मग पंपवाल्याने मला हळूच विचारलं, त्या कुठे आहेत? मी म्हटलं, आपणच. झाडणं, पुसणं, स्वयंपाक, पाणी, दिवे, फाटक, गाडी, चादरी, असं जे जे झाल्यावर कुणाच्या लक्षात येत नाही आणि राहिल्यावर सगळ्यांच्या येतं, त्याला सहाय्य सेवा म्हणतात. तो म्हणाला, एवढंच ना, मी तर घाबरलोच होतो.

घाबरायला हवं होतं. कारण नियोजनासाठी एक सल्लागार आणले. त्यांचं नाव आम्ही कुणी घेत नाही, सगळे त्यांना बाणवाले म्हणतात. हा माणूस फळ्यापुढे उभा राहिला की आधी चौकट काढतो, मग दुसरी चौकट काढतो, मग एकीकडून दुसरीकडे बाण काढतो, आणि मागे सरून त्याच्याकडे असं बघतो की जणू काही तो बाण लागला. चौकटीत काय लिहायचं ते तो नंतर ठरवतो. माणूस वाईट नाही. बोलणं गोड, कपडे इस्त्रीचे, सगळ्यांना "आपण" म्हणतो. पण कुठल्याही गोष्टीला तिच्या नावाने हाक मारायची नाही असा त्याचा नेम दिसतो. पोछ्याला तो पृष्ठभाग व्यवस्थापन म्हणाला. फाटकावरच्या रखवालदाराला पहिला स्पर्शबिंदू म्हणाला, तेव्हापासून रखवालदार जरा लांबूनच उभा राहतो. माझ्या चादरी म्हणजे निद्रा सहाय्य. आणि वसतिगृहातली पोरं, जी ओल्या टॉवेलसकट गादीवर बसतात, ती अंतर्गत ग्राहक.

आराखडा करण्याआधी कार्यशाळा घ्यायची ठरली. तीन दिवस, मोठ्या सभागृहात, आणि त्याचं नाव "अखंडित सेवेकडे". आता लक्ष देऊन वाचा ताई, कारण पुढचं सगळं इथून निघालं. सहाय्य सेवांचं नियोजन सहाय्य सेवा देणाऱ्यांना विश्वासात घेऊन झालं पाहिजे, असं बाणवाल्यांचं म्हणणं, आणि ते मला पटलंही. पण संचालकांनी त्याचा आदेश काढला. सहाय्य सेवेतल्या प्रत्येकाने तिन्ही दिवस पूर्ण वेळ हजर राहायचं, मध्ये उठेल तो गैरहजर. म्हणजे आचारी आणि त्याचा जोडीदार, झाडूवाल्या मावशी, माळी, रखवालदार, पंपवाला, गाडीवाला, तक्रारी घेणारा हेडक्लार्क आणि मी, असे सगळे अखंडित सेवेकडे तोंड करून सभागृहात बसलो, आणि बाहेर सेवा बंद पडली.

पहिल्या दिवशी अकराच्या सुमारास बाणवाल्यांनी घड्याळ पाहिलं, "चला, आपण चहा घेऊ या" म्हणाले आणि दाराकडे बघितलं. आम्हीही दाराकडे बघितलं. दारातून काही आलं नाही. संचालकांनी विचारलं, "चहा कुठे राहिला?"

तिसऱ्या रांगेतून आचारी म्हणाला, "चहा इथे बसलाय, साहेब."

"मग उठ की!"

"उठू कसा? मध्ये उठला तो गैरहजर. तुमचीच सही आहे त्याच्यावर."

"अरे, मग दुसऱ्या कुणाला तरी सांग."

"दुसरा माझ्या शेजारी बसलाय."

झाडूवाल्या मावशी मागून म्हणाल्या, "फळ्यावर चहाचा बाण काढलाय ना मघाशी? त्याच्या टोकापाशी बघा म्हणावं, असला तर."

बाणवाले हसले आणि म्हणाले, हाच तो सहभाग. चहा मिळाला नाही. जेवणही मिळालं नाही, कारण त्या वेळी आचारी भोजन अनुभवावर गटचर्चा करत होता. खिडकीतून माळ्याला दिसलं की फाटक उघडं आहे आणि कुणाच्यातरी शेळ्या त्याच्या वाफ्यात शिरल्या आहेत. तो खुर्चीतून अर्धा उठायचा, आदेश आठवायचा, पुन्हा बसायचा. असं चार-पाच वेळा झाल्यावर बाणवाले त्याला म्हणाले, आपली देहबोली फार उत्साही आहे, आपण गटप्रमुख व्हा.

मी एकच प्रश्न विचारला. म्हटलं, आत्ता आम्ही सगळे इथे आहोत, तर तिकडे काम कोण करतंय? बाणवाल्यांना प्रश्न आवडला. ते म्हणाले, फार मूलभूत प्रश्न आहे, आणि त्यांनी तो व्हरांड्यात लावलेल्या एका मोठ्या कागदावर लिहायला लावला. कागदाचं शीर्षक होतं "नंतर घ्यायचे प्रश्न". माझा प्रश्न सगळ्यात खाली आला. जेवणाच्या सुट्टीत (जेवण नव्हतं, सुट्टी होती) बाहेर येऊन बघते तर शेळ्या व्हरांड्यापर्यंत पोचलेल्या, आणि कागद खालून वर खात चाललेल्या. माझा प्रश्न तेवढा पोटात गेला होता. सरकारदरबारी माझा कुठलाही अर्ज इतक्या लवकर निकाली निघालेला नाही. आमच्या छपराच्या गळक्या पत्र्याचा अर्ज हे असताना केला होता, तो अजून विचाराधीन आहे. दर पावसाळ्यात मी त्या विचाराखाली बादली ठेवते.

दुसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी संपलं. पंप चालू करणारा आमच्यातच बसलेला. सभागृहाचं दार उघडलं आणि एक शिकाऊ अधिकारी उभा. कमरेला टॉवेल, अंगभर साबण, डोळे मिटलेले. त्या आठवड्यात त्या मुलांचा विषय आपत्ती व्यवस्थापन होता, हे सांगायला हवं. बाकीच्यांनी वर एक समिती नेमली होती, आणि साबण लागलेला म्हणून याला तिचा अध्यक्ष केलं होतं. बाणवाल्यांना आनंद मावेना. "बघा, आपला ग्राहक स्वतः आला!" असं म्हणून त्यांनी त्याला हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "आपली संस्थेकडून अपेक्षा काय?"

तो म्हणाला, "पाणी."

त्यांनी चौकट काढून त्यात "पाणी" लिहिलं आणि त्याला बाण जोडला. पंपवाला उभा राहिला. "जाऊ का साहेब? बटण दाबायचंय फक्त."

"थांबा, थांबा. प्राधान्यक्रम अजून ठरायचाय."

मग आम्हाला सगळ्यांना रंगीत टिकल्या वाटल्या आणि जे महत्त्वाचं वाटतं त्यावर चिकटवायला सांगितल्या. आमच्या सगळ्यांच्या टिकल्या पाण्यावर गेल्या, पण संचालकांची एक टिकली दहा टिकल्यांच्या तोडीची होती. पाणी तिसरं आलं. पहिलं आलं सहाय्य सेवांचं बोधचिन्ह, दुसरी आली प्रतिसाद यंत्रणा. तोवर त्या मुलाच्या अंगावरचा साबण वाळून पांढरा झाला होता आणि तो हलला की पापुद्रे पडत होते. झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, "पोरा, हलू नको रे, हे झाडणारी मी उठू शकत नाही." तो मुलगा मोठेपणी कुठल्यातरी जिल्ह्याचा कारभार बघणार आहे. मला त्याच्याकडून आशा आहे. त्या खुर्चीवर तो जे शिकला ते त्याला पुस्तकात मिळालं नसतं.

तिसऱ्या दिवशी मुलं घरी निघून गेली. पलंगांवर चादरी नाहीत (कोठीची किल्ली माझ्या कमरेला आणि मी सभागृहात), नळाला पाणी नाही, ताटात जेवण नाही. कुणी रागावून गेलं नाही, ज्याचा त्याचा रजेचा अर्ज नीट लिहिलेला होता. तेवढं प्रशिक्षण झालेलं आहे.

आणि मग, ताई, आराखडा आला. जाड, गुळगुळीत, मुखपृष्ठावर हसणाऱ्या माणसांचा फोटो, त्यातलं एकही माणूस आमचं नाही. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला (तुमच्यासारखा मागून नाही). त्यात लिहिलंय की कार्यशाळेच्या काळात सहाय्य सेवेतली एकही व्यक्ती आपल्या जागेवर नव्हती, तरीही संस्थेचं कामकाज सुरळीत चाललं. सर्व वर्ग ठरल्याप्रमाणे पार पडले आणि एकही तक्रार आली नाही. वर्ग पार पडले, कारण हेडक्लार्कने, तीन दिवस आपण नसणार म्हणून, हजेरी आधीच भरून ठेवली होती. आणि तक्रार आली नाही, कारण तक्रार घेणारा हेडक्लार्क आमच्या रांगेत बसला होता आणि त्याची खिडकी बंद होती. यावरून असा निष्कर्ष निघाला की सध्याचे कर्मचारी गरजेपेक्षा जास्त आहेत. त्यांच्या जागी एक कंपनी आणावी, आणि कंपनीच्या माणसाला बसायला चादरींच्या कोठीमागच्या खोलीत "सेवा समन्वय कक्ष" करावा.

मी संचालकांकडे गेले. ते सज्जन आहेत, त्यांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, खोली कुठेही जात नाहीये, उलट तिचा दर्जा वाढतोय. मी विचारलं, आणि माझं? त्यांनी आराखडा चाळला, शोधून शोधून म्हणाले, आहे, तुमचा उल्लेख आहे. "मोकळ्या होणाऱ्या जागा" या प्रकरणात होता.

मग परवा संचालक आणि बाणवाले खोली बघायला आले. मी केर काढून ठेवला होता. (का, ते मलाच कळत नाही. घर घ्यायला आलेल्यांनासुद्धा घर स्वच्छ दिसावं असं वाटतं.) बाणवाल्यांनी मापं घेतली. संचालक कप्प्यांपुढे थांबले आणि म्हणाले, "वा! काम फार सुंदर आहे. हे काढायचं नाही हं, इथे कंपनीच्या फायली छान बसतील." आणि त्यांनी कौतुकाने हात फिरवला तो नेमका पाचव्या कप्प्याच्या कडेवरून. एकदम ओरडले. लाकडाचं कुसळ बोटात चांगलंच शिरलं होतं.

"बाई, हे आधी घासून घ्या!" ते म्हणाले.

मी सुई आणली, खिडकीपाशी त्यांचा हात उजेडात धरला आणि कुसळ काढलं. लहान मुलासारखं तोंड फिरवून उभे होते. मी म्हटलं, साहेब, सहा वर्षं मला रोज लागतं हे, सवय होते. ते म्हणाले, मग दुरुस्त का नाही करून घेतलं? बाणवालेही वहीतून वर बघायला लागले. आता यांना काय सांगायचं? म्हटलं, करणारा उद्या येतो म्हणालाय. ते म्हणाले, ठीक आहे, उद्या करून घ्या.

तुमच्याजवळ लिहायला हरकत नाही, ते गेल्यावर मी थोडा वेळ कॉटवर नुसती बसले होते. मग उठून चादरी मोजल्या.

असो. माझी काळजी करू नका. पुस्तकं काय, पोत्यात भरून नेता येतात, आणि मला काय लागतं, एक कॉट आणि एक दिवा. फक्त भिंत पोत्यात भरता येत नाही, तेवढीच अडचण आहे. तुमच्या घरच्यांना नमस्कार, नातीला गोड पापा. तिला म्हणावं, पडलेले दात जपून ठेव. तिच्या घरात ठरवायला वेळ लागतो, नवे यायलाही लागेल.

तुमची,
वहिनी

ता. क. आराखडा मंजुरीसाठी मुख्य कार्यालयात गेला आहे. हेडक्लार्क शपथेवर सांगतो की तो तुमच्या जावईबापूंच्याच टेबलावर येणार. तर ऐका. त्यांना तो नाकारा म्हणून सांगू नका. नाकारला तर संचालक नवा करतील, म्हणजे पुन्हा कार्यशाळा आणि पुन्हा शेळ्या. शिवाय कुणाच्या कामात ढवळाढवळ करणं मला आवडत नाही, आणि अशा गोष्टींसाठी मी कुणाच्या पाया पडत नाही (वरचा साष्टांग तुमच्या गुडघ्यासाठी होता). त्यांना फक्त एवढंच सांगा की विचार करा. घाईने काही ठरवू नका. सगळ्या बाजूंनी बघा, नमुने मागवा, उजेडात धरून बघा, पुन्हा परत करा. माझ्या निवृत्तीला चार वर्षं आहेत. पडद्यांना यापेक्षा जास्त लागली. आणि वर पत्र्याच्या अर्जावरून मी सरकारला जे बोलले ते सगळं मागे घेते. बादली ठेवायला माझी काही हरकत नाही.

ता. क. दुसरा. त्यातूनही बढतीने माणूस बिघडला असेल आणि त्यांनी सही केलीच, तर तुमच्या मागच्या खोलीच्या दारामागे एक पट्टी उभी राहील एवढी जागा आहे का, ते कळवा. माझ्या खांद्याएवढी उंच आहे. ठोकायची नाहीये, नुसती उभी ठेवायची आहे. तुमच्याच भावाची आहे, तुम्हालाही बरं वाटेल.

ता. क. तिसरा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. मुलीला आजच निरोप द्या की पडद्यांसाठी त्यांच्या मागे लागणं ताबडतोब बंद कर. एकदा का माणसाला घरी ठरवायची गोडी लागली की तो कचेरीतही ठरवायला लागतो. खिडकीवरचं वर्तमानपत्र जुनं होऊन पिवळं पडलं असेल तर लाज वाटून घेऊ नको म्हणावं. चार वर्षं पुरतील एवढी वर्तमानपत्रं मी इथून पाठवते.